पश्चिमेच्या खिडकीचं काय करायचं? कांचनजंगा इमारतीचा प्रकरण अभ्यास

मुंबईत केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोडला लागलं की कंबाला हिलवरची एक उभी, पांढरी, चौकोनी इमारत दिसते. आजूबाजूला आता एवढे टॉवर झालेत की तिची उंची कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखू येते ती कोपऱ्यांमुळे. गुळगुळीत भिंत सरळ वर चढत जाते आणि मध्येच कोपऱ्याचा दोन मजली उंचीचा तुकडा कापून काढलेला दिसतो. आत रंगवलेली भिंत, थोडी झाडं, एखादी खुर्ची. ही कांचनजंगा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्या साथीने तिचा आराखडा केला. काम १९७० साली सुरू झालं आणि १९८३ मध्ये पूर्ण झालं. २८ मजले, सुमारे ८४ मीटर उंची, २१ मीटर बाय २१ मीटरचा चौरस पाया, आणि एवढ्या सगळ्यात फ्लॅट फक्त ३२.

आर्किटेक्टला कल्पना सुचतात कुठून, हा प्रश्न निघाला की उत्तरं फार मोघम येतात. निसर्ग, प्रवास, परंपरा, संगीत. यातलं काहीच खोटं नाही, पण त्यावरून एका भिंतीचीही जागा ठरत नाही. म्हणून एकच इमारत घेऊन तिच्यातलं काय कुठून आलं हे शोधणं जास्त उपयोगी. कांचनजंगा त्यासाठी सोयीची आहे. कोरियांनी तिच्यामागचा विचार स्वतः मांडून ठेवलेला आहे, त्याआधीची त्यांची कामं समोर आहेत, आणि तिच्या मुळाशी असलेली अडचण पश्चिमेला तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे.

अडचण

दक्षिण मुंबई म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी असलेली जमिनीची पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो. पाहण्यासारखं जे काही आहे तेही पूर्व-पश्चिमच आहे. तेव्हा घराची तोंडं या दोन दिशांना हवीत, यात वाद नाही. पंचाईत अशी की ऊनही तिकडूनच येतं आणि पाऊसही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तो सरळ खाली पडत नाही. नैऋत्येचा वारा त्याला आडवा करून खिडकीवर आणून आपटतो.

उन्हाचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. मार्चच्या विषुवदिनी मुंबईत घड्याळात पावणेपाच वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण २८ अंशांवर असतो. पश्चिमेच्या भिंतीत २.१ मीटर उंचीचं दार असेल आणि वर काहीच आडोसा नसेल, तर ऊन खोलीत जवळजवळ पावणेचार मीटर आत येतं. तासाभराने, पावणेसहाला, सूर्य १४ अंशांवर उतरतो आणि तेच ऊन आठ मीटरच्या पुढे पोहोचतं. म्हणजे दिवाणखाना ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत. सव्वा मीटरच्या छज्जाने यात फारसा फरक पडत नाही. पावणेपाचला तो दाराचा वरचा जेमतेम ६५ सेंटिमीटरचा पट्टा सावलीत आणतो, पुढे त्याचा उपयोग आणखी कमी होत जातो.

तेव्हा खिडकी उघडी ठेवली तर भट्टी, बंद केली तर वारा आणि समुद्र दोन्ही गेले. मुंबईतल्या बहुतेक इमारतींनी या पेचावर काढलेला तोडगा आपण जाणतोच: जाड पडदा, गॅलरीला प्लास्टिकची ताडपत्री, आणि पैसे आले की एसी.

बंगल्यांकडे पाहिलं

कोरियांचं म्हणणं असं की हा पेच याच टेकड्यांवर आधीच कुणीतरी सोडवलेला होता. कंबाला हिल, मलबार हिल इथल्या जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडा असायचा. राहत्या खोल्या आत, मधोमध. व्हरांडा हे त्यांच्याभोवतीचं कवच. ऊन आणि पाऊस यांच्याशी पहिला सामना व्हरांड्याचा, त्यातून जे उरेल तेवढंच खोलीच्या दारापर्यंत पोहोचायचं. बचावाच्या अशा दोन फळ्या.

मगाचाच हिशोब इथे लावून पाहा. व्हरांडा तीन मीटर रुंद, कौलं उतरत येऊन कडेला सव्वादोन मीटरवर थांबलेली. पावणेपाचचं ऊन चार मीटरच्या आसपास आत येणार, त्यातले तीन मीटर व्हरांड्यातच खर्ची पडले. खोलीत शिरलं ते मीटरभर, तेही जमिनीलगत. चिकाचा पडदा अर्धा सोडला की तेवढंही नाही. आणि हे सगळं दार सताड उघडं ठेवून, वारा खेळता ठेवून. कोकणातल्या घराची पडवी, देशावरच्या वाड्याचा सोपा, गोव्यातल्या घरांपुढची बाकं टाकलेली बाल्कांव, सगळ्यांचं काम थोड्याफार फरकाने हेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण विद्यार्थी इथेच घसरतात. कोरियांनी बंगल्यातून कौलं उचलली नाहीत, नक्षीचे खांब उचलले नाहीत, लाकडी कठडा उचलला नाही. कांचनजंगाकडे रस्त्यावरून पाहून कुणालाही बंगला आठवणार नाही. उचललं ते फक्त काम: बाहेर आणि आत यांच्यामध्ये एक तिसरी जागा, जी स्वतः तापते आणि भिजते, पण राहण्याजोगीही असते. परंपरेतून प्रेरणा घेतली असं सांगणाऱ्या आपल्याकडच्या शेकडो रिसॉर्टांत आणि फार्महाउसांत नेमकं उलटं झालेलं असतं. कौलं आहेत, तुळशीवृंदावन आहे, दगडी दीपमाळ आहे, आणि पश्चिमेला पत्र्यासारखी तापणारी काच.

आधीचे खर्डे

पण व्हरांडा ही जमिनीवरची गोष्ट. तो अठ्ठावीस मजले उभा कसा करायचा, हे बंगला सांगत नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावं लागलं, आणि त्यात सगळ्यात जास्त मदत कोरियांच्या स्वतःच्याच जुन्या कामांची झाली.

कोरिया शिकले अमेरिकेत, आधी मिशिगनला आणि मग एमआयटीत, आणि १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. त्याच वर्षी साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम त्यांच्याकडे आलं. सहा मीटर बाय सहा मीटरचे कौलारू मांडव, काही भिंतींनी बंद, काही मोकळे, काचेच्या खिडक्या नाहीत, लाकडी झडपा. शेजारच्या आश्रमातल्या घरांचं साधेपण तिथे उघड दिसतं. म्हणजे बंद खोली आणि उघडा चौक यांच्यामधल्या पायऱ्यांचा विचार अगदी पहिल्या मोठ्या कामापासून आहे. १९६१-६२ मध्ये गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी केलेल्या ट्यूब हाउसमध्ये तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने आला. अरुंद, लांबट घर, छताचा उतार असा की तापलेली हवा त्याच्या पोटाशी सरकत वर जाऊन माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडावी आणि खालून गार हवा आत ओढली जावी. यंत्र एकही नाही.

उंच इमारतीचा प्रश्नही त्यांनी याआधी हाताळलेला होता. मुंबईतल्या सोनमर्ग या इमारतीत (१९६१ ते ६६) मुख्य खोल्यांभोवती व्हरांडे, अभ्यासिका, न्हाणीघरं यांची एक पट्टी फिरवलेली आहे. बंगल्याचं कवच तिथे प्रथम बहुमजली झालं. एकमेकांत अडकणाऱ्या दुमजली घरांचा विचार तर त्याहून जुना, १९५८ च्या सुमारास केलेल्या आणि न बांधल्या गेलेल्या एका आराखड्यातला. तेव्हा कांचनजंगा १९७० साली 'सुचली' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. बारा वर्षं एकच प्रश्न या ना त्या निमित्ताने हाताखालून जात होता. कांचनजंगात त्याला पैसेवाला ग्राहक आणि मोक्याची जागा मिळाली, एवढंच.

परदेशी ऋण कोणाचं, तर आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांचं. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या फ्रान्समधल्या मार्सेयच्या इमारतीत बहुतेक घरं दुमजली आहेत आणि एकमेकांत अशी गुंतवली आहेत की घर इमारतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार जातं. दोन्हीकडे उजेड, दोन्हीकडे हवा. मुंबईच्या वाऱ्याला याहून बरी युक्ती कुठली? फक्त मार्सेयची बाहेरची गॅलरी उथळ आहे, भूमध्य समुद्राच्या हवेला ती पुरते. आपल्या पावसात तिचा निभाव लागला नसता.

आणखी एक धागा मुघलांच्या किल्ल्यांमधला. आग्र्याच्या किल्ल्यात माणसं दिवसभर एकाच जागी बसत नसत, हे कोरिया आवर्जून सांगत. उन्हाळ्यात सकाळीच खोलगट चौकांवर शामियाना ताणायचा, रात्रीची गार हवा खाली कोंडून ठेवायची, दुपार तिथे काढायची आणि संध्याकाळी वर गच्चीवर यायचं. घर एकच, पण प्रहराप्रमाणे त्यातली राहायची जागा बदलते. कांचनजंगाची गच्ची अशीच वापरायची आहे. सकाळी ती एक गोष्ट, मेमधल्या दुपारी तिथे कुणी बसणार नाही, सहानंतर पुन्हा सगळं घर तिथे. दिवसाचे चोवीस तास एकाच तापमानात राहायचं असं ठरवलं की ही जागा फुकट गेल्यासारखी वाटू लागते.

लहानपणी खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ मांडायचा नाद होता, तिथून वास्तुकलेची गोडी लागली, असंही कोरियांनी सांगितलेलं आहे. गोष्ट गोड आहे आणि मुलाखतींत हमखास येते. या इमारतीपुरता तिचा काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही.

छेद

कांचनजंगा प्लॅनमधून, म्हणजे वरून पाहिलेल्या नकाशातून, समजत नाही, छेदातून समजते. इमारत उभी कापून तिच्या पोटात पाहिलं तर दिसतं की मजले एका पातळीत नाहीत. तीनपासून सहा शयनगृहांपर्यंतचे चार प्रकारचे फ्लॅट आहेत आणि ते वरखाली एकमेकांत खोचलेले आहेत. प्रत्येक घर पूर्व-पश्चिम आरपार, आणि प्रत्येकाच्या वाट्याला कोपऱ्यावर दोन मजली उंचीची एक गच्ची.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा तपशील छोटा आहे. गच्ची आणि राहती खोली एका पातळीवर नाहीत. गच्चीत माती भरलेली आहे, झाडं लावायची आहेत, पावसाळ्यात तिथे पाणी येणारच. म्हणून आतली जमीन काही पायऱ्या वर उचललेली आहे. गावच्या घरात अंगणातून ओट्यावर चढताना जे होतं तेच. त्या पायऱ्यांनी एकाच फटक्यात दोन कामं झाली: पावसाचं पाणी आत येत नाही, आणि आत बसलेल्या माणसाची नजर कठड्यावरून सरळ समुद्रावर जाते. भिंत न घालता आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं हे पायाला कळतं.

कोपरे कापायचे म्हणजे नेमक्या त्या जागचे खांब काढायचे, जिथे एरवी इमारतीला त्यांचा आधार असतो. इथे अभियंते शिरीष पटेल यांचं काम येतं. (केम्प्स कॉर्नरचा १९६५ चा उड्डाणपूल त्यांचाच, तिथून ही इमारत हाकेच्या अंतरावर.) मधोमध लिफ्टचा चौकोनी गाभा, ७.८ मीटर बाजूचा, वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा रेटा मुख्यतः तोच पेलतो. हा गाभा आधी उभा केला, स्लिपफॉर्म पद्धतीने, म्हणजे साचा हळूहळू वर सरकवत सलग काँक्रीट ओतत. निवासी इमारतीसाठी आपल्याकडे हे तंत्र तेव्हा नवं होतं. गच्च्या कॅन्टिलिव्हर करून, म्हणजे टोकाला खांब न देता, बाहेर काढल्या, ६.३ मीटरपर्यंत. हा आकडा जुळला नसता तर व्हरांड्याची सगळी कल्पना कागदावरच राहिली असती. प्रेरणेबद्दल बोलताना इंजिनिअरचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गंमत म्हणजे कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल हे त्रिकूट एव्हाना दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध होतं. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं हा प्रस्ताव या तिघांनी मांडला आणि 'मार्ग' या नियतकालिकात तो १९६५ मध्ये छापून आला. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, कोरिया नवी मुंबईचे पहिले मुख्य आर्किटेक्ट झाले. म्हणजे पेडर रोडवरच्या ३२ कुटुंबांच्या गच्च्या आणि लाखो लोकांचं नवं शहर, दोन्ही एकाच सुमारास त्याच टेबलावर होतं.

सुटलं ते

कौतुक पुष्कळ झालं. आता हिशोब पुरा करू. बंगल्याच्या व्हरांड्याची खरी करामत रुंदीत होती तशीच उतरत्या कडेत होती. कौलं खाली उतरत यायची, उघडीप बुटकी राहायची, म्हणून तिरकं ऊन कापलं जायचं. कांचनजंगात गच्ची रुंद झाली, पण उघडीप दोन मजली उंच झाली. सहा मीटर उंचीच्या उघडिपीतून पावणेपाचचं ऊन अकरा मीटर आत येऊ शकतं. सहा मीटरची गच्ची त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पोटात घेते, बाकीचं खोलीत. कठडा आणि झाडं थोडी मदत करतात. गच्चीकडे न उघडणाऱ्या भिंतींत खिडक्या लहान ठेवल्या आहेत, त्याने आणखी थोडी. तरी नुसत्या उन्हाच्या बाबतीत जुना बंगला या इमारतीच्या पुढे होता, असं माझं मत आहे. दुप्पट उंचीने जे दिलं ते वेगळं: झाडांना उजेड, आणि जमिनीपासून इतक्या वर अंगणात उभं असल्यासारखा मोकळेपणा. हा सौदा कोरियांनी जाणूनबुजून केला असणार. फ्रेम सुंदर दिसते म्हणून तो सौदा होता हेच विसरलं जातं.

नकला

यानंतर मुंबईत कोपरे कापलेल्या, एकाआड एक मजल्यावर गच्ची असलेल्या इमारतींचं पीक आलं. त्यांतल्या बहुतेकांत घर आरपार नाही. गच्ची पूर्वेला, स्वयंपाकघराचं तोंड डककडे, म्हणजे नळांच्या अरुंद पोकळीकडे, वाऱ्याला पलीकडून निघायला वाट नाही. दिसायला कांचनजंगा, वागायला साधा टू-बीएचके.

दोष नुसता आर्किटेक्टांना देऊन चालणार नाही, नियमांनीही हातभार लावला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंत बाल्कनी एफएसआयमधून (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेतून) वगळलेली होती आणि प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून ती बंद करून खोलीत घेता येत असे. झालं. बाल्कनी नकाशावर राहिली आणि प्रत्यक्षात बेडरूमचा भाग झाली. फ्लॉवर बेड, डेक, पोकळ्या या नावांखाली मोफत मिळालेले चौरस फूट ग्राहकाला विकले गेले. २०१२ च्या सुरुवातीला नियम बदलले, हे सगळं एफएसआयमध्ये धरलं जाऊ लागलं, आणि भरपाई म्हणून प्रीमियम घेऊन ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय देण्यात आला. फसवाफसवीला आळा बसला. पण बिल्डरने आता उघड्या गच्चीला एफएसआय का खर्च करावा? तेवढ्यात एक खोली निघते, आणि खोलीला भाव येतो. पहिल्या नियमाने व्हरांडा बंद करायला शिकवलं, दुसऱ्याने तो काढायचंच सोडून द्यायला. दोन्ही वेळा हेतू चांगलाच होता.

बेलापूर

कांचनजंगा पूर्ण झाली त्याच १९८३ साली कोरियांनी सिडकोसाठी नवी मुंबईतल्या बेलापूरच्या घरांचं काम घेतलं. सहा हेक्टर जमीन, ५५० कुटुंबं, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे सगळ्यात गरीब आणि त्यातल्या त्यात सुखवस्तू यांच्या जागेत दुपटीचाही फरक नाही. सात घरं मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक, अशा तीन झुबक्यांत मिळून बारा बाय बाराचा मोठा चौक. प्रत्येक घराला स्वतःचं उघडं अंगण, आणि कुणाची भिंत कुणाला लागून नाही.

इथला व्हरांडा काँक्रीटचा नाही, कॅन्टिलिव्हर नाही, महाग तर मुळीच नाही. पण प्रश्न तोच आहे: बंद खोलीच्या बाहेर, आकाशाखाली, राहण्याजोगी एक जागा प्रत्येकाला कशी द्यायची. पेडर रोडवर तिला ६.३ मीटरचं काँक्रीट लागलं, बेलापूरला नुसतं अंतर पुरलं. माझ्या मते दुसरं उत्तर जास्त कठीण होतं, कारण त्यात पैशाने सोडवता येण्यासारखं काही नव्हतं.

बेलापूरची बरीच घरं आता पाडून नव्याने बांधलेली आहेत. उतरती कौलं जाऊन स्लॅब आले, मजले चढले. तिथे जाऊन मूळ आराखडा बिघडला म्हणून हळहळणारे आर्किटेक्ट भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. सामाईक भिंत न ठेवण्यामागचा हेतूच हा होता की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं, आणि लोकांनी ते वाढवलं. कांचनजंगातल्या कुटुंबांना तशी मुभा नव्हती. म्हणून तिचे कोपरे आजही फोटोत जसेच्या तसे येतात, आणि बेलापूरचं काम पूर्ण झालं तेव्हाचं, १९८६ सालचं रूप पाहायला जुने फोटोच काढावे लागतात.